वेबचं शास्त्र आणि पिवळं जॅकेट

शुक्रवारी दुपारी, आखातातल्या या शहरात, अल सद्द भागातल्या आमच्या इमारतीच्या पार्किंगमध्ये माझ्या नवऱ्याने पिवळ्या जॅकेटातल्या पार्सलवाल्याला त्याच्याच हेल्मेटने मारलं. मारणारे पाच होते, पण हेल्मेट याच्या हातात होतं. त्या माणसाचा ओठ फाटला, दात रॅम्पवर पडला, तरी तो “भाईसाब, पार्सल” म्हणत खोक्याकडे बोट दाखवत होता. शेवटी वॉचमनने त्याला ओढून आपल्या खोलीत नेलं.

कारण एक मेसेज. पिवळं जॅकेट घातलेला माणूस मुलं पळवतो, सोबत फोटो. तो मीच पुढे पाठवला होता. मराठी मंडळाचे भागवार ग्रुप मी सांभाळते. आधी अल सद्द, मग अबू हमूर, एकही घर गाळलं नाही.

नवरा वर आला तेव्हा टेबलावर मुलीचा फॉर्म होता. तिला वेबचं शास्त्र, म्हणजे इंटरनेटवर गोष्टी कशा पसरतात ते, शिकायला परदेशी जायचं होतं. वडिलांची सही रविवारपर्यंत हवी होती आणि हा केमिकल इंजिनियर ‘हे कसलं शास्त्र’ म्हणत आठवडाभर अडून बसला होता.

मुलगी म्हणाली, “बाबा, तो फोटो कित्येक वर्षं जुना आहे, दुसऱ्याच देशातला. याच्या कॉपीज मी गोळा करतेय. दर वेळी गावाचं नाव बदलतं, जॅकेट तेच राहतं.”

“मग चिकटवही कर! सायन्स आधी सांगतं. पाणी कधी उकळणार ते मी सांगतो. तुझं वेब सांगतं, पुढे काय होणार?”

“सांगतं. आईने कुठे कुठे पाठवलंय बघ. आता अबू हमूर. तिथे कोणीतरी मार खाणार.”

त्याने ग्लास भिंतीवर फोडला. एक काच तिच्या कपाळाला लागली. तिने हाताने रक्त पुसलं आणि ती तिथेच उभी राहिली.

मी मंडळाच्या अबू हमूरमधल्या खजिनदारांना फोन लावला, स्पीकरवर.

“वहिनी, सापडला! पिवळं जॅकेट! चांगलाच धुतोय त्याला!” मागे कोणीतरी “अम्मा, अम्मा” ओरडत होतं.

नवऱ्याने फोन हिसकावला. “सोडा त्याला! खोटं आहे ते!”

“अहो, ऐकलं की, तुम्ही तर आमच्याआधी एकाला मारलंत!” ते हसले. मागचं ओरडणं थांबलं. कशाने थांबलं, कळेना. फोन कटला.

नवऱ्याने पेन उचललं. हाताची बोटं सुजली होती. “कुठे करू सही?”

मुलीने फॉर्म ओढून घेतला. “आधी खाली. वॉचमनच्या खोलीतल्या त्या माणसाला दवाखान्यात ने. मग पोलीस.”

“नोकरी जाईल. परत पाठवतील आपल्याला.”

“हो.”

मी दोन्ही ग्रुपवर लिहिलं: मेसेज खोटा, पाठवला मी, अबू हमूरमध्ये मारणं थांबवा, ॲम्ब्युलन्स बोलवा. गाडीची किल्ली घेतली, सगळ्यांची ओळखपत्रं घेतली. नवरा खुर्चीतून उठेना. मी त्याचं बखोट धरलं आणि त्याला दारापर्यंत ओढत नेलं.