कळवले

जी गल्ली पृथ्वीच्या पाठीवर नाही, तिचा सेक्रेटरी असलेला माणूस अख्ख्या लोहारा तालुक्यात एकच होता, आणि तो नेमका आमच्या नशिबी आला. गल्लीचं नाव चिंच गल्ली, घरं नऊ. त्र्याण्णवच्या भूकंपात जुन्या गावाबरोबर तीही गेली. नवं गाव दुसरीकडं वसलं, ऐसपैस, सरळ रस्त्यांचं. घरं मिळाली ती ज्याच्या त्याच्या जमिनीच्या मानानं. जास्त जमीनवाला एका टोकाला, कमीवाला दुसऱ्या. जन्मभर भिंतीवरून कालवणाच्या वाट्या देणारे शेजारी असे गावभर पांगले. सगळ्यांनी ते मुकाट्यानं मान्य केलं, सेक्रेटरीअप्पांनी मात्र केलं नाही. त्यांचं म्हणणं एकच, की चिंच गल्ली सुधार कमिटी बरखास्त करायचा ठराव कुठल्याच सभेत झालेला नाही, तेव्हा ती चालू आहे. आणि पुढं तीस वर्षं त्यांनी ती चालवली.

मी या गावात सून म्हणून आले ती भूकंपानंतर बऱ्याच वर्षांनी, त्यामुळं ती गल्ली मी डोळ्यांनी पाहिलेलीच नाही. लग्नाला आठवडा झाला नव्हता, हातावरची मेंदी तशीच होती, तोच एके सकाळी दारात एक काटकुळा, पांढऱ्या टोपीचा माणूस येऊन उभा राहिला. काखेत लाल बांधणीची वही. "सूनबाई, तुमचं घर नंबर तीन. रविवारी सकाळी आठला समाजमंदिरापुढं चिंच गल्लीची मीटिंग हाय. विषय, नाल्या. घरातलं एक तरी मानूस यावं," एवढं बोलून गेला. मी सासूबाईंना विचारलं, ही चिंच गल्ली कुठं आली हो? सासूबाई ज्वारी निवडता निवडता म्हणाल्या, "ही काय, आत्ताच दारात येऊन गेली की."

अप्पांचं सगळ्यात मोठं खूळ म्हणजे हे कळवणं. जुन्या गल्लीत घरं ज्या क्रमानं होती त्याच क्रमानं कळवायचं, इकडची काडी तिकडं नाही. आता नवीन गावात आमच्या तीन नंबरच्या भिंतीला भिंत लागून आठ नंबरच्या आजी राहतात. अप्पा आम्हाला सांगायचे तेव्हा आजी त्यांच्या ओट्यावर पाय पसरून बसलेल्या असायच्या. अप्पा त्यांच्याकडं ढुंकूनही न बघता चार नंबरला जायचे, म्हणजे पार बसस्टँडजवळ, तिथून पाच, सहा, सात करत, उन्हातान्हातून तास-सव्वा तासानं परत आमच्याच दारावरून आठ नंबरला यायचे. आजी करवादायच्या, "आवो अप्पा, म्या मगाच ऐकलंय की!" अप्पा टोपी सारखी करून म्हणायचे, "ऐकलं म्हंजी कळवलं न्हवं." आणि सगळी सूचना पहिल्यापासून सांगायचे.

मी अंगणवाडीची बाई. माझ्याकडं मोबाईल, मला कामं झटपट उरकायची सवय. मी गल्लीचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप काढला आणि मोठ्या तोऱ्यात अप्पांना दाखवला, की हे बघा, दोन खुणा निळ्या झाल्या म्हणजे समोरच्यानं वाचलं. अप्पांनी फोन हातभर लांब धरून बराच वेळ निरखला. "वाचलं, झाक हाय. पर वाचताना त्येचं तोंड कसं झालं, ते कुठं दिसतंय?" मी म्हटलं, तोंड बघून काय करायचंय? तर म्हणे, "तोंडावरूनच कळतंय ना सूनबाई, कुनाच्या घरात काय अडलंय." बोलायला गेलं की माणूस हा असा, वर हसायची सोयच नाही.

ग्रामपंचायतीत तर त्यांच्या नावानं कपाळाला हात लावायचे. आमची घरं चार वॉर्डांत. त्यामुळं अप्पांचा एकेक अर्ज चार ठिकाणचा असायचा. गल्लीत दिवा लावावा, म्हणजे नक्की कुठं? ग्रामसेवक नकाशा पसरून विचारायचा, "अप्पा, ही तुमची गल्ली येती कुठं?" अप्पा नकाशावर नऊ ठिकाणी बोट ठेवायचे. भांडण नाही, आवाज नाही. वही मांडीवर घेऊन रोज सकाळी बाकावर बसायचे आणि कुणी काय काम म्हणून विचारलं, तर सांगायचे, "कायी न्हाय, कळवायला आलूय." त्या बाकावर बसून बसून त्यांनी दोन नंबरची नाली बांधून घेतली, आठ नंबरच्या आजींच्या दारात दिवा आणला, आणि नऊ नंबरच्या एकट्या बाईचा नळ गळत होता तो दुरुस्त करून घेतला. अस्तित्वात नसलेल्या गल्लीची कामं व्हायची आणि आमचे निवडून आलेले मेंबर बघत बसायचे.

पाच नंबरचं घर मात्र मला बरीच वर्षं सापडलं नव्हतं. अप्पांच्या वहीत दरवेळी नऊ आकडे ओळीनं असायचे. कळवून आले की आकड्यासमोर 'कळवले', आणि सभेला माणूस आलं की पुढं 'हजर'. पाचासमोर कायम नुसतं 'कळवले'. एकदाही हजर नाही. मी मनात म्हणायची, कोण हे एवढे मोठे लागून गेले, जे एकदाही येत नाहीत?

मग अप्पांचे गुडघे गेले. बाभळीची काठी आली, पण फेरी सुटली नाही. आमच्या यजमानांना दया आली आणि एकदा त्यांनी मला सोबत धाडलं. चार नंबर झालं. पुढं पाण्याच्या टाकीजवळ एक मोकळा प्लॉट आहे, नुसती कुसळं वाढलेली. अप्पा तिथं थांबले. टोपी काढली. आणि त्या कुसळांना मोठ्यानं म्हणाले, "रविवारी सकाळी आठला मीटिंग हाय. विषय, पान्याची पाळी. यावं." उत्तराला लागतो तेवढा वेळ उभे राहिले, टोपी घातली आणि चालायला लागले. मला वाटलं, ऊन लागलं म्हाताऱ्याला. मी म्हटलं, अप्पा, इथं कोण आहे?

"पाच नंबर," ते म्हणाले. "त्येंच्यातलं कुनी ऱ्हायलंच न्हाय. मग घर कुनाच्या नावानं देनार? जागा न्हाय, म्हनून म्या हितं सांगतो."

टाकीच्या कट्ट्यावर बसून मग त्यांनी सांगितलं. पाच नंबरचा त्यांचा जोडीदार, एका पाटीवर शिकलेले दोघं. अप्पांचं घर सहा नंबर. अप्पांच्या मोरीचं पाणी पाच नंबरच्या दारातून जायचं, त्यावरून दोघांचं बिनसलं. गल्लीनं त्यावर मीटिंग लावली. अप्पा सेक्रेटरी, कळवायचं काम त्यांचं. "म्या सगळ्यास्नी कळवलं. त्येला न्हाय कळवलं. म्हनलं, आला की भांडतंय, राहू दे. ठराव माझ्या मनावानी करून घेतला. दुसऱ्या दिशी माझ्या दारात आला. ओरडला न्हाय, कायी न्हाय. म्हनला, 'शिकेटरी, आमी गल्लीत न्हाय का रं?' म्या तोंड फिरवून आत गेलो." अप्पा काठीनं मातीत रेघ ओढत राहिले. "म्हनलं, दोन-चार दिसांनी बोलू. चौथ्या दिशी गल्लीच न्हाय ऱ्हायली."

मग अप्पा म्हणाले, "माज्या माघारी ही वही तू घे. बाकीच्यास्नी फोनवर कळव, माजं म्हननं न्हाय. पर पाच नंबरला तेवढं येऊन सांगत जा." आणि मी मेली काय म्हणाले? "अगोबाई अप्पा, अंगणवाडीची रजिस्टरं भरता भरता माझा जीव जातोय, त्यात आणखी ही कुठं!" मी हसून म्हणाले. तेही हसले. तो विषय तिथंच राहिला.

पुढच्या उन्हाळ्यातली गोष्ट. गुरुवार होता. माझ्या चुलीवर दूध, दारात पोषण आहाराची गाडी, डोकं ठिकाणावर नाही. बाहेरून काठीचा आवाज आला. "सूनबाई, रविवारी सकाळी..." मी आतूनच ओरडले, "ऐकलं, अप्पा, ऐकलं!" काठी बराच वेळ वाजली नाही. ते उभे होते. मला माहीत होतं ते उभे आहेत. दोन पावलांवर दार होतं, तरी मी गेले नाही. मग काठी वाजत वाजत बसस्टँडच्या दिशेनं गेली.

शनिवारी सकाळी अप्पा गेले. झोपेतच गेले, कुणाला न कळवता. त्यांचा मुलगा पुण्याहून आला, सगळं रीतीनं केलं, घराला कुलूप लावलं आणि जाताना लाल वही माझ्या हातात ठेवली. मी शेवटचं पान उघडलं. अप्पांचं ते गोल, एकसारखं अक्षर. एक, कळवले. दोन, कळवले. पाच, कळवले. सहा, स्वतः. सगळीकडं कळवले. फक्त तीन नंबरासमोर लिहिलं होतं, 'ऐकले'.

मी आधी हसले. खरंच हसले, एवढं चोख कोण लिहितं! आणि मग सासूबाई धावत बाहेर आल्या इतकी रडले.

महिन्यानं मी मीटिंग लावली. विषय, पाच नंबरचा मोकळा प्लॉट साफ करून तिथं चिंच लावणे. ग्रुपवर टाकलं असतं तर मिनिटाचं काम. पण वही घेऊन निघाले. एक, दोन, मग आमचंच तीन. सासूबाईंना दारात बोलावून, तोंड बघून सांगितलं. आठ नंबरच्या आजी ओट्यावरून बघत होत्या, या खेपेला पाय आवरून बसल्या. चार झालं. टाकीजवळ डोक्यावर पदर घेतला आणि कुसळांना सांगितलं. रस्त्यानं जाणाऱ्या दोन बायका थांबून बघायला लागल्या, बघू देत.

मग सहा नंबर. दाराला कुलूप. मी म्हटलं, "अप्पा, रविवारी सकाळी आठला मीटिंग आहे. समाजमंदिरापुढं. विषय, चिंच. यावं." आणि ते थांबायचे तेवढा वेळ मी थांबले, जरा जास्तच थांबले. आतून कुणी नुसतं 'ऐकलं' म्हटलं असतं, तरी मला चाललं असतं.