माळकऱ्याची वाईन

चाकणहून आम्ही नवरा-बायको जुन्नरकडच्या एका जुन्या गावी गेलो होतो. दगडी वेस, पायऱ्यांची बारव आणि डोंगरापर्यंत द्राक्षांचे मळे. तिथल्या वाईनच्या कारखान्यात गळ्यात तुळशीची माळ घातलेले एक आजोबा भेटले. त्यांच्या मळ्यातल्या द्राक्षांची ही पहिलीच वाईन होती.

“कशी झालीय?” मी विचारलं.

“मी माळकरी, मला काय कळणार? तुमी प्या, मी तुमच्या तोंडाकडं बगतो.”

“वाईट असेल तर तसंच सांगेन हं.”

“सांगा की!” म्हणत ते टोपी सारखी करून समोर उभे राहिले. मी पेल्यातला एक घोट जपून घेतला, मग दुसरा, मग उरलेली वाईनही संपवली. त्यांनी मांडीवर थाप मारली.

“जमली!”

“अहो, हे अजून काही बोललेच नाहीत,” बायको म्हणाली.

“बोलाया कशाला पायजे? रिकामा पेला म्होरं केलाय न्हवं!”