सुभद्राबाईंची झिप फाईल

मोबाईल काउंटरवर ठेवला तेव्हाच त्याचं मागचं झाकण उचललेलं होतं. आत बॅटरी पुरीसारखी टम्म फुगलेली.

"मामा, हा चार्जिंगला लावून राह्यले की काय तुम्ही?" मी ओरडलेच. "पेट घेईल एखाद्या दिवशी!"

रंगनाथमामा जवळच्या वस्तीवरचे. कुंभार पिंपळगावात माझं कॉम्प्युटर सेंटर आहे आणि बाजाराच्या दिवशी ते काही ना काही काम घेऊन येतात. त्यांच्या पत्नी सुभद्राबाई दिवाळीनंतर वारल्या. फोन त्यांचा होता.

"फोनचं जाऊ द्या, ताई. ह्यात तिचा आवाज हाय. तेवढा काढून मंगलला पाठवा."

मंगल ही त्यांची मुलगी, वाळूजला कंपनीत कामाला. मायलेकी रोज बोलायच्या. फोनमध्ये कॉल रेकॉर्डिंग आपोआप चालू होतं, हे सुभद्राबाईंच्या गावीही नव्हतं. त्यामुळे ते सगळं बोलणं आत साठलेलं. दुसरीकडे कुठेच कॉपी नाही. फोन गेला की आवाज गेला.

जुनी बॅटरी काढून बाजूला ठेवली, दुसरी बसवली आणि फोन कॉम्प्युटरला जोडला. सगळं उतरवून होईपर्यंत मी मामांना चहासुद्धा विचारला नाही.

आता पाठवायचं कसं? एकेक रेकॉर्डिंग पाठवलं तर गोंधळ होणार. अशा वेळी सगळ्या फाईलींचं एक गाठोडं बांधतात, त्यालाच कॉम्प्रेस करणं म्हणतात. गाठी मारायच्या तऱ्हा वेगवेगळ्या: झिप, रार, सेव्हन-झेड. माझा जीव सेव्हन-झेडवर, कारण त्यात फाईल सगळ्यांत लहान होते. मी हौसेने ते आणि झिप, दोन्ही करून पाहिलं. सेव्हन-झेड आणि झिपमध्ये नखाएवढा फरक! बरोबरच होतं. रेकॉर्डिंग करतानाच फोनने ते बारीक केलेलं असतं. पिळलेला कपडा पुन्हा पिळून किती पाणी निघणार?

मंगलला फोन लावला.

"तुझ्या मोबाईलमध्ये जागा किती आहे गं?"

"कुठली जागा, ताई! पोराच्या फोटोनंच भरलाय. नवीन ॲप टाकायला सांगू नका, बसत न्हाई."

सेव्हन-झेड आणि रार तिथेच बाद. त्या गाठी सोडायला तिच्यासारख्या साध्या फोनला वेगळं ॲप लागतं. झिप फोन स्वतःच उघडतो. पण जागेचं काय? मी मामांकडे वळले आणि आमच्या धंद्यातल्या भाषेत बोलून गेले.

"मामा, आवाज जरा दाबते. फाईल निम्मी होईल."

मामा स्टुलावरून उठलेच.

"दाबू नका."

"अहो, फार फरक पडत नाही. बोलणं सगळं समजेल."

"समजायचं न्हाई म्हणत मी." त्यांनी टोपी काढून हातात घेतली. "तिचा आवाज मोठा होता, ताई. बांधावरून हाक मारली तर वस्तीवर ऐकू यायची. मी जन्मभर तिला हळू बोल, हळू बोल करत आलो. चार लोक ऐकतेत म्हणून. आता तरी दाबू नका. बिलकुल न्हाई."

मी उगाच कीबोर्डवरची धूळ पुसत बसले.

मग त्यांना समजावलं. आवाज दाबला तर त्यातलं काही कायमचं जातं, ते परत आणता येत नाही. झिपमध्ये तसं नसतं. जसं ठेवलं तसंच्या तसं निघतं.

"मंग ते दाबणं न्हाई," मामा म्हणाले. "घडी घालणं हाय."

"तेच ते."

एका महिन्याची एक, अशा झिप करायचं ठरलं. एक उघडायची, ऐकायची, मग दुसरी, म्हणजे सगळ्याला एकदम जागा लागत नाही. मंगलला सांगितलं तर ती म्हणाली, "पोराचे फोटो ह्यांच्या मोबाईलमध्ये टाकते, ताई. आईला जागा करते."

झिप केली की स्वतः उघडून तपासायची, हा माझा नियम. पहिली उघडली आणि आतलं एक रेकॉर्डिंग लावलं.

"मंगलेऽऽ! जेवली का गंऽऽ?"

स्पीकर थरथरला. झेरॉक्ससाठी थांबलेली माणसं वळून बघायला लागली. माझा हात सवयीने आवाज कमी करायला गेला.

"राहू द्या," मामा म्हणाले. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते हसत होते. "ऐकू द्या चार लोकाला."

सगळं रेकॉर्डिंग वाजून संपेपर्यंत झेरॉक्सचं कुणी नाव काढलं नाही.

झिप पाठवल्या. एक कॉपी पेन ड्राइव्हवर मामांना दिली. संध्याकाळी मंगलचा मेसेज आला: "उघडली, ताई. आई तश्शीच ओरडून राह्यली."

रोजच्या कामाला कोणता फॉरमॅट, असं कुणी विचारलं तर मी आता झिप सांगते. गाठ सोडणाऱ्याला सुटली पाहिजे, बांधणाऱ्याची हुशारी तिथे कुणी बघत नाही. आणि 'दाबते' हा शब्द मी सोडला. गिऱ्हाइकाला म्हणते, बसा, फाईलची घडी घालून देते.