भगदाडातली फांदी

चंद्रपुरातून धावणारी एक पॅसेंजर इतक्या जवळची, की बसलं न बसलं तोच उतरायची वेळ. सकाळी भाजीवाल्या, मासेवाल्या बाया आणि कारखान्याची माणसं आणते, संध्याकाळी त्यांनाच परत नेते. मधल्या वेळात त्याच रुळांवरून कोळशाच्या मालगाड्या जातात, आणि त्यांना ना वेळ ना काळ.

या लाइनवर लच्छू तलांडी वीस वर्षं कीमॅन आहे. खांद्यावर हातोडा घेऊन रोज पाच किलोमीटर रुळातून चालायचं, रूळ धरून ठेवणारी एखादी लोखंडी चावी ढिली दिसली की ठोकायची. माणूस एटापल्लीच्या जंगलातला माडिया. पण नोकरीच्या पहिल्याच वर्षी कुणीतरी ‘जंगली’ म्हणून हसलं, तेव्हापासून गावाकडची एकही रीत त्यानं चारचौघांत दाखवली नाही.

दोन महिन्यांपूर्वी बायको बुधरी इथं राहायला आली. तिचा एक कान लहानपणीच गेलेला, दुसरा मनात आलं तर ऐकतो. दुपारी ती लच्छूची भाकर घेऊन यायची ती रेल्वेच्या भिंतीला पडलेल्या भगदाडातून, थेट रूळ ओलांडून. सगळी वस्तीच तिथून यायची. पूल होता जवळच, पण पायऱ्या कोण चढणार? लच्छूनं समजावलं, रागावला, एकदा तर हात जोडले. बुधरी मान हलवायची आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा भगदाडातून हजर. पालथ्या घड्यावर पाणी! दुपार झाली की लच्छूचा जीव टांगणीला लागायचा.

शेवटी एका सकाळी त्यानं लाज गुंडाळून ठेवली. पळसाची हिरवी फांदी तोडली आणि भगदाडात आडवी टाकली. त्यांच्या जंगलात पायवाटेवर अशी फांदी दिसली की कुणी ती ओलांडत नाही. पुढं धोका आहे, हे आधी गेलेल्यानं मागच्याला सांगितलेलं असतं.

सोबतचा प्रफुल हसलाच. “लच्छूभाऊ, फांदीनं कोन थांबते जी?”

खरंच कुणी थांबलं नाही. वस्ती फांदी तुडवत गेली.

दुपारी लच्छू लांब वळणावर होता, तेव्हा मालगाडी त्याच्या शेजारून भगदाडाकडे निघाली. बुधरीच्या येण्याचीच वेळ. तो हातोडा टाकून गाडीच्या बाजूनं पळत सुटला. डबे काही संपेनात.

शेवटचा डबा गेला, तेव्हा तो भगदाडासमोर पोचला होता. भगदाडाच्या पलीकडे बुधरी उभी होती, हातात भाकरीचं फडकं. पायापुढं त्या फांदीची चार-पाच चुरगळलेली पानं उरली होती.

“पुढं वाघ हाय का?” तिनं तिथूनच ओरडून विचारलं.

लच्छू धापा टाकत गिट्टीवर बसला. त्याला रडू येत होतं.

“हाय,” तो ओरडला. “आत्ताच गेला.”

“मंग असं सांगाचं होतं नं! दोन महिने नुसता गाडी-गाडी करून राह्यला.”