बकरीच्या बरगड्यांवर हात

डॉक्टर म्हणाले होते, हृदयाचा ठोका जितके दिवस अनियमित राहील, तितकी हृदयाला त्याचीच सवय लागते. प्रयोगशाळेत हे बकऱ्यांवर पाहिलंय. म्हणून ठोका ताळ्यावर आणणारा विजेचा झटका लवकर घ्यायचा. मी भीतीने टाळत होतो.

रविवारी समुद्राकाठी डोंगरीला सासूबाईंच्या अंगणात त्यांची बकरी रवंथ करत बसली होती. मी एक हात तिच्या बरगड्यांवर ठेवला, दुसऱ्याने त्याच हाताची नाडी धरली. तिचा ठोका भरभर, पण एकसारखा. माझा मध्येच हरवायचा. खारा वारा येत होता, माझे डोळे मिटत होते. वाटलं, हिच्या जातीतल्याच कुणीतरी माझं दुखणं आधी सोसलंय.

"जावयबापू, ती बरी हाय," सासूबाई म्हणाल्या. "तुमचा ठोका बघा."

मी बायकोला म्हटलं, "उद्याच फोन कर डॉक्टरांना."