चन्नाप्पाच्या आठशे बैठका

महायुद्ध संपून सात-आठ वर्षे झाली होती. बसऱ्याहून परतल्यावर मी डेपोत पी.टी. हवालदार होतो. मार्चच्या सुरुवातीला हुकूम आला : सोलापुरास जावे, हंगामी कंपनीच्या नव्या रिक्रूटांना महिनाभर तयार करावे. तंबू शहराबाहेर माळावर होते. गिरणीचा पहाटेचा भोंगा तिथे स्पष्ट ऐकू येई, म्हणून मी रेव्हेलीची, म्हणजे उठवण्याच्या बिगुलाची, वेळ त्यावरच बांधली.

आता मी पेन्शनीत आहे. शहरात नवनव्या तालमी निघतात. कारकून, मास्तर, दुकानदार लंगोट लावून येतात आणि मला विचारतात, सुरुवात कशी करावी. त्यांना मी जे सांगतो ते का सांगतो, एवढ्यासाठी हे लिहीत आहे.

रिक्रूट बेचाळीस. पहिल्याच सकाळी मी प्रत्येकाची अडचण वहीत टिपली. ही माझी सवय आहे; माणूस काय करू शकतो यापेक्षा त्याला काय अडते हे आधी कळले पाहिजे. अकरा जणांना पहाटे उठवत नव्हते. सहा जण भाकरी खाऊन आले आणि पळताना ओकले. नऊ जणांना चारचौघांत उघड्या अंगाने उभे राहण्याची लाज वाटत होती. बाकीच्यांची अडचण एकच, आणि ती मी तेव्हा अडचण म्हणून लिहिलीच नाही : घाई. महिन्याचे काम त्यांना दोन दिवसांत उरकायचे होते.

घाईला कारणही होते. दहाव्या दिवशी टेस्ट होती. पन्नास बैठका, वीस जोर, रायफल घेऊन एक मैल धाव. नापास झालेल्याने घरचा रस्ता धरायचा.

चन्नाप्पा दुधनीचा. वय बावीस. चुलत्याच्या अडतीवर गादीवर बसून तराजू धरणारा. अंगाने जड, स्वभावाने गरीब. मी विचारले, “पलटणीत कशाला आलास?”

“दुकानात समदे मला गोणी म्हणत्यात, साहेब. नापास होऊन गेलो तर मरेपर्यंत गोणीच की.”

शेजारी केम गावचा महादू उभा होता. गावच्या तालमीत तयार झालेला, मानेला मांस धरलेला गडी. तो म्हणाला, “गोणी तर गोणी. दाणं तरी चांगलं भरल्यात.” रांग हसली. चन्नाप्पाही हसला.

त्याच दिवशी संध्याकाळी साडेचारला परेड सुटल्यावर महादूने लिंबाखाली चौघांना जमवले. चन्नाप्पा, विणकरांच्या पेठेतला मल्लेशम, आणि माढ्याचे दोघे भाऊ. महादूचे म्हणणे सरळ होते. पहिल्या दिवशीच हजार बैठका मारायच्या. मग अंगातली भीती जाते आणि पुढे काही जड वाटत नाही.

मी दहा पावलांवर उभा होतो. थांबवले नाही. माझ्या वस्तादानेही मला असेच सुरू केले होते. उलट मी आकडे लिहून घेतले. महादू हजार. चन्नाप्पा आठशे. मल्लेशम सहाशे. दोघे भाऊ चारचारशे. चन्नाप्पा शेवटच्या शंभर महादूच्या खांद्याला धरून करीत होता. पाणी मागितले तेव्हा महादूने तांब्या लांब सारला. घामाच्या अंगाने पाणी पिऊ नये, हा तालमीचा नियम. तो नियम मीही पाळत असे.

दुसऱ्या दिवशी सकाळी चन्नाप्पा रांगेत उभा होता, पण पाय फाकून.

“हवालदारसाहेब, मांड्या लई दुखत्यात. वाकवत न्हाय.”

“नवीन अंग आहे. आणखी दोनशे मार. मोकळं होईल.”

तालमीत प्रत्येकाला हेच सांगतात. दुखणे बैठकीने आले तर बैठकीनेच उतरवायचे, वर जोराची मालीश करायची. त्याने दोनशे पुऱ्या केल्या. महादूने गुडघा लावून त्याच्या मांड्या तिळाच्या तेलाने रगडल्या. चन्नाप्पा ओरडला तेव्हा महादू म्हणाला, “वरड, वरड. दुधनीपतूर ऐकू जाऊ दे.”

तिसऱ्या दिवशी पावणेसहाच्या रोलकॉलला चन्नाप्पा नव्हता. मी तंबूत गेलो. तो चटईवर उताणा होता.

“उठ.”

“पाय माझे न्हाईत, साहेब.”

मला वाटले, बहाणा. पलटणीत बहाणे रोज ऐकतो. पांघरूण ओढले आणि मांडीला हात लावला. मांडी लाकडासारखी घट्ट होती, नेहमीच्या दीडपट. त्याला लघवीला जायचे होते. मी आणि आणखी एकाने काखेत धरून त्याला तंबूमागे नेले. जमिनीवर जे पडले ते काळ्या काढ्याच्या रंगाचे होते.

चन्नाप्पाने खाली पाहिले आणि मग माझ्याकडे पाहिले. “हे काय हाय, साहेब?”

मी म्हणालो, “काही नाही.”

सहा वाजून दहा मिनिटांनी स्ट्रेचर कॅम्प हॉस्पिटलात पोचला. डॉक्टर वयस्क होते, कमी बोलणारे.

“थंडी वाजून ताप आला होता?”

“नाही, सर.”

“काय केलं यानं?”

मी सांगितले. आठशे, वर दोनशे, मालीश, पाणी नाही. त्यांनी पेन खाली ठेवले. “लांब कूचनंतर एका गोऱ्या शिपायाला असं झालेलं मी पाहिलंय. स्नायू फुटतात आणि लघवीवाटे जातात. मूत्रपिंडं तुंबतात. त्याच्याबरोबर आणखी कोणी होतं?”

“चौघं, सर.”

“मग इथं का उभा आहेस?”

कॅम्पपर्यंत अर्धा मैल. मी धावत गेलो. पीटी चालू होती आणि मल्लेशम दुखरे पाय मोकळे करण्यासाठी बैठका मारीत होता. मी शिट्टी दिली.

“स्टॉप! सगळे खाली बसा. कोणी हलायचं नाही. प्रत्येकाने आपला मग आणायचा, त्यात लघवी करायची आणि माझ्यासमोर ठेवायचा.”

“आता मुतायची बी कवायत का, हवालदारसाहेब?” महादूने विचारले. सगळे हसले.

“डबल अप. पळत जा.”

बेचाळीसांतला एक हॉस्पिटलात. एक्केचाळीस इनॅमलचे मग मातीवर ओळीने मांडले. मी एका टोकाकडून निघालो. बसऱ्याला सुरुंगाच्या पट्टीतून चाललो आहे. तेव्हा पायांना असा घाम आला नव्हता. पिवळा. पिवळा. फिकट. भावांचे दोन्ही मग गडद, पण पिवळे. महादूचा स्वच्छ, त्याचे अंग दहा वर्षे मुरलेले होते. मल्लेशमचा मग तांबडा-तपकिरी.

हसणे थांबले. मल्लेशम मगाकडे पाहत राहिला, मग तेलुगूत आईचे नाव घेतले. महादूने माझा हात धरला. “साहेब, मी तर चांगल्यासाटी सांगितलं व्हतं.”

“मीसुद्धा,” मी म्हणालो.

मल्लेशम आणि दोघे भाऊ हॉस्पिटलात गेले. सोडा घातलेले पाणी दर अर्ध्या तासाने. महादू स्वतः तांब्या घेऊन बसला. भाऊ दोन दिवसांत सुटले. मल्लेशमची लघवी त्याच्या दुसऱ्या दिवशी पिवळी झाली. तो जगला, पुढे पुन्हा मागावर बसला.

चन्नाप्पाला उशीर झाला होता. चौथ्या दिवशी त्याचा अर्धा मग भरला. पाचव्या दिवशी तळ झाकला गेला. सहाव्या दिवशी काही नाही. डॉक्टरांनी मला बाहेर बोलावून सांगितले, “आता पाणीही देता येणार नाही. जाणार कुठं ते?” चेहरा सुजला होता. शुद्ध होती, हेच वाईट होते.

“टेस्ट कवा हाय, साहेब?”

“सोमवारी.”

“पाय हलाया लागलं की मला अगुदर धावायला लावा. बैठका मला येत्यात आता.”

मी “हो” म्हणालो.

सातव्या दिवशी तार मिळून चुलते आले. आठव्या दिवशी दुपारी दोन वाजून वीस मिनिटांनी चन्नाप्पा गेला.

चन्नाप्पा लिंगायत. त्यांच्यात मृताला बसवून समाधी देतात. चुलते म्हणाले, अंग ताठायच्या आत मांडी घालून बसवले पाहिजे. मी आणि महादू पुढे झालो. मांड्या सुजून खांबासारख्या झाल्या होत्या. गुडघे मुडपेनात. मी एका बाजूने, महादूने दुसऱ्या बाजूने, हळूहळू जोर दिला. अर्धा तास लागला.

मग चुलत्यांनी विचारले, “ह्याला हे कुणी करायला लावलं?”

“हजाराची गोष्ट महादूनं काढली. मी पाहत होतो. दुसऱ्या दिवशीच्या दोनशे मी सांगितल्या.”

“आमच्या घरी दुखतंय म्हणाला असता, तर मीबी तेच सांगितलं असतं की,” असे ते म्हणाले. त्यांनी मला शिव्या दिल्या असत्या तर बरे झाले असते.

म्हणून माझ्याकडे येणाऱ्याला मी पहिल्या दिवशी वीस बैठका देतो. पाणी मागितले की देतो. दुखले तर दोन दिवस विश्रांती. लोक हसतात, हवालदार म्हातारा झाला म्हणतात. हसू देत.

सोमवारी टेस्ट झाली. संध्याकाळी मी ऑफिसात गेलो, तेव्हा कारकून नावांचा रोल दुरुस्त करीत होता. चन्नाप्पाच्या नावापुढे त्याने ‘अनफिट, नाव कमी’ असे लिहिले होते. मी त्याला ते खोडायला सांगितले. तो म्हणाला, टेस्ट दिलेली नाही, मग दुसरे काय लिहू. मी कॅप्टनसाहेबांकडे गेलो आणि त्यांचा हुकूम घेऊन परत आलो. मी समोर उभा असताना त्याने नवी ओळ लिहिली : शिपाई चन्नाप्पा, दुधनी, ड्यूटीवर असताना मृत्यू.