अकरा धोंड्यांचा जबाब

तुपानं माखलेला तो मुद्देमाल आठवला की मला आजही हसू येतं, आणि हसता हसता स्वतःचेच कान पिळावेसे वाटतात.

यवतमाळ जिल्ह्यात, नेरच्या बाजूच्या एका ठाण्यात मी ठाणेदार होतो. अधिक महिना चालू होता, म्हणजे धोंड्याचा महिना. तीन वर्षांतून एकदा येणाऱ्या या महिन्यात जावयाला सासरी बोलावतात, आहेर करतात आणि पुरण भरलेले धोंडे तुपात बुडवून आग्रह करकरून खाऊ घालतात. सकाळची हजेरी चालली असताना यवतमाळच्या एका हॉस्पिटलच्या चौकीतून फोन आला. आमच्या हद्दीतल्या गावात सासरी आलेला एक जावई आदल्या दुपारी पानावरून उठला आणि तासाभरात पोट धरून कोसळला. ऑपरेशन केलं तर जठराला भोक! आणि जावयाचा मोठा भाऊ चौकीत बसून ओरडत होता, "सासूनं धोंड्यात इख घातलं, साहेब!"

भावाच्या रागाला कारण होतं. जावयाची बायको नवऱ्याशी भांडून दोन महिने माहेरी येऊन बसली होती. या जेवणावर समेट होऊन ती दुसऱ्या दिवशी नांदायला जाणार होती. आता भाऊ म्हणत होता, सासूला आत टाका, आणि तिची पोरगी आमच्या दारात पुन्हा दिसता कामा नये. पोरगी बिचारी भरलेली पेटी घेऊन ओट्यावर रडत होती.

मी पंचनाम्याला गेलो. सासू पन्नाशीची, विधवा, आवाज असा खणखणीत की पंच दारातच थबकले. उरलेले धोंडे आम्ही डब्यात घालून सील करू लागलो, तशी ती कडाडली, "डब्यात कायले घालता? खाऊन पाहा न! माह्या हातात इख हाये काय?" आमच्या हवालदाराचा हात नकळत पुढं गेला. मी डोळे वटारले, तेव्हा कुठं तो मागं आला.

त्याच पातेल्यातलं सगळ्यांनीच खाल्लं होतं, कुणाला काही झालं नव्हतं. पण जावयाचं ताट वेगळं होतं, त्याला सासूनं स्वतः वाढलं होतं, आणि भावानं नेमकं तेच धरून ठेवलं होतं. बाईमाणूस म्हणून महिला शिपाई सोबत घेऊन तिच्याच घरी जबाब घ्यायला बसलो.

"जावयानं किती धोंडे खाल्ले?"

"अकरा."

"अकरा? माणूस आहे की काय?"

"माह्या हातचे होते न! वरून वाटीभर तूप. बोटं चाटत होते जवाई."

"बाई, जितके जास्त सांगाल तितकं तुमच्यावरच शेकतंय. नीट आठवा."

"मंग कमी सांगून गावात नाक कापून घेऊ काय? लिवा, अकरा!"

तीनदा विचारलं, तीनदा अकरा. मी मनात म्हटलं, एवढं पाठ केलेलं उत्तर म्हणजे पाणी मुरतंय. वीस वर्षांच्या नोकरीचा मला भारी गर्व होता. अटकेची तयारी ठेवा, असं मी हवालदाराला सांगूनही टाकलं.

दोन दिवसांनी हॉस्पिटलमधून जावयाचे कपडे आले. आहेराचा नवाकोरा सदरा आणि पँट, आणि त्याचा रोजचा जुना पट्टा. पिशवी उघडली आणि अख्ख्या ठाण्यानं नाक दाबलं. पँटच्या खिशात रुमालाचं गाठोडं, आणि त्यात तुपानं थबथबलेले, आंबलेले नऊ धोंडे! हवालदारानं पट्टा उलटून पाहिला आणि म्हणाला, "साहेब, हे पाहा. खिळ्यानं चार भोकं नवीन पाडलीत. हा माणूस धोंडे खायच्या कितीतरी आधीपासून वाळून राह्यला होता."

मी तडक हॉस्पिटल गाठलं. जावई शुद्धीवर होता. नऊ धोंड्यांबद्दल विचारताच कसनुसा झाला. "दोन महिन्यापासून मले जेवण जात नव्हतं, साहेब. संध्याकाळी ताप ये. बायको माहेरी, सांगू कोणाले? मामीनं, माह्या सासूनं, इतक्या हौसेनं बोलावलं, नाही म्हटलं असतं तर समेट मोडला असता. त्यायची पाठ वळली की एकेक खिशातल्या रुमालात टाकला." मग हात जोडून म्हणाला, "मामीले सांगू नका."

ही हकिकत मी डॉक्टरांना सांगितली. ते म्हणाले, भोकाच्या कडा बघूनच त्यांना शंका आली होती, म्हणून तुकडा तपासणीला पाठवला होता. काही दिवसांनी रिपोर्ट आला. जठराचा क्षयरोग. छातीचा क्षय आपण ऐकतो, जठराचा फार क्वचित होतो आणि त्यानं भोक पडणं तर त्याहून क्वचित. ते त्या दिवशी जेवणानंतर पडलं, एवढाच सासूचा गुन्हा. भाऊ अडून बसला, "खोकला नाही तर टीबी कसा?" डॉक्टरांनी त्याला अर्धा तास समजावलं. शेवटी त्यानं मान खाली घालून तक्रार मागं घेतली आणि भावजयीला स्वतः न्यायला गेला.

नऊ धोंडे मुद्देमालाच्या नोंदीत आल्यामुळं सासूला मात्र ते सांगावंच लागलं. सुटल्याचा आनंद राहिला बाजूला, ती मटकन खालीच बसली. "मले दिसत होतं, साहेब. दोन खाऊनच त्यायचा हात थांबला होता. मले वाटलं, माह्या हाताले चव राह्यली नाही." ते कबूल करण्यापेक्षा ही बाई तुरुंगात जायला तयार होती! आणि मी त्या अकरा आकड्यात खून शोधत बसलो होतो. गुन्हा लपवायला माणूस खोटं बोलतो, एवढंच मला ठाऊक होतं. त्यानंतर कुठलाही जबाब घेताना मी आधी स्वतःला विचारायचो की या माणसाला लाज कशाची वाटते आहे.

औषधांचा कोर्स पूर्ण झाला. अधिक महिना नव्हता, तरी सासूनं धोंडे केले आणि मला व हवालदाराला मुद्दाम बोलावलं. जावई भरलेल्या अंगानं, बायकोसोबत आला होता. पाटावर बसण्याआधी सासू म्हणाली, "पहिले खिसे उलटे करा, जवाईबुवा." त्यानं निमूटपणे दोन्ही खिसे बाहेर काढले. मग तो जेवला. तिसरा धोंडा संपवून त्यानं स्वतःहून चौथा मागितला, तेव्हा ती तुपाची वाटी हातात धरून तशीच उभी राहिली आणि पदरानं डोळे पुसत माझ्याकडे वळली.

"साहेब, ते अकरा खोडा," ती म्हणाली. "आता लिवा, चार."